लग्नाचा हार घरी करायचा तर घड्याळ उलटं लावा

मागच्या एपिसोडमध्ये मी बोलता बोलता सांगून गेले की माझ्या लग्नाचे दोन्ही हार आम्ही घरी केले, आणि त्यानंतर सगळ्यांचा एकच प्रश्न. "म्हणजे नक्की कसे?" तर आजचा पूर्ण एपिसोड त्यावर. लोकलमध्ये रेंज जाते म्हणून ज्यांना वाचायलाच आवडतं, त्यांच्यासाठी हे लिहिलेलं. बोललेलं जसंच्या तसं नाही, थोडं आवरून घेतलंय.

आधी एक कबुली. मी दिवसभर कोड लिहिते. फुलांशी माझा संबंध म्हणजे गणपतीत दूर्वा निवडायला बसणं, तेवढाच. त्यामुळे मला जमलं म्हणजे तुम्हाला जमेलच. पण "यूट्यूब बघून अर्ध्या तासात" वगैरे मी म्हणणार नाही, कारण ते खोटं आहे.

सुरुवात पैशांवरून झाली. डोंबिवलीत आम्ही जिथे विचारलं तिथे निशिगंध आणि गुलाबाच्या जोडीचे साडेपाच हजार सांगितले. मी म्हटलं, घरी करू. आई म्हणाली, "तुला साधा गजरा बांधता येत नाही. अंतरपाट दूर झाला आणि हातात हार नसला, तर वरमाईसमोर मी काय सांगू?" मला राग आला, पण प्रश्न बरोबर होता. सर्व्हर पडला तर दहा मिनिटांनी परत चालू करता येतो. मुहूर्त परत चालू करता येत नाही.

म्हणून मी आधी फुलं नाही, वेळ बघितली. मुहूर्त रविवारी अकरा वाजून बारा मिनिटांचा. म्हणजे साडेदहाला हार भांड्यातून बाहेर, साडेआठला आम्ही हॉलवर, आणि त्याआधी माझी आंघोळ, केस, नऊवारी. रविवारी सकाळी माझ्याकडे मोकळा वेळ शून्य. भावाला पहाटे दादरला पाठवून सहा ते आठमध्ये हार ओवायचे, हा पर्याय होता. पण एक लोकल रद्द झाली की संपलं. म्हणजे हार शनिवारीच व्हायला हवे. शनिवारी संध्याकाळी? नाही, कारण दुपारी हळद. हळदीचे हात पांढऱ्या निशिगंधाला लागले की तो निशिगंध राहत नाही, पिवळी शेवंती होतो. म्हणजे शनिवारी सकाळी, हळदीच्या आधी. आणि तिथून मुहूर्तापर्यंत चोवीस तास.

माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. हार ओवणं हे दोन संध्याकाळी शिकता येईल असं काम आहे. चोवीस तास तो ताजा ठेवणं हा खरा प्रश्न, आणि रील्समध्ये तेवढंच दाखवत नाहीत. तिथे ओवून झालं की लगेच फोटो आणि संपलं.

आता फूल सुकतं म्हणजे काय होतं ते बघू. फूल तोडलं तरी मरत नाही. त्याचं श्वसन चालू असतं, त्यातून उष्णता निघते, पाकळ्यांमधून पाण्याची वाफ जात राहते. फक्त मुळाकडून येणारं पाणी बंद झालेलं असतं. दांड्यासकट असलेलं फूल, समजा बुकेमधला गुलाब, बादलीत ठेवलं तर पाणी पिऊ शकतं. हाराचं सुटं फूल पिऊ शकत नाही. त्याच्याकडे जेवढं पाणी आहे तेवढ्यावरच त्याला दिवस काढायचा आहे. चार्जर हरवलेल्या फोनसारखं. आपण बॅटरी भरू शकत नाही, फक्त कमी खर्च होईल असं बघू शकतो. त्याचे तीन मार्ग: गारवा, दमट हवा, आणि वारा नको.

हे सगळं मला नंतर कळलं. पहिली ट्रायल मी काहीही न वाचता केली, लग्नाच्या तीन आठवडे आधी. अर्धा किलो निशिगंध आणला, पिशवीला गच्च गाठ मारून दुपारपर्यंत ओट्यावर ठेवला. पिशवी उघडली तर आतली फुलं कोमट! फुलांचा ढीग कोंडला की श्वसनाची उष्णता बाहेर जायला वाट नसते, आणि गरम झालेलं फूल आणखी जोरात श्वास घेतं. त्यामुळे फुलं आणल्या आणल्या पिशवीतून काढायची आणि ओल्या कापडावर पातळ पसरायची.

दुसरी चूक दोऱ्याची. इंजिनीअर डोक्याने विचार केला की मजबूत दोरा म्हणजे तंगूस. पतंगवाले आणि मासेमारीवाले वापरतात तोच नायलॉनचा. ओवताना छान सरकला. हार उचलल्यावर मात्र फुलांना सुरीसारखा कापत गेला, आणि मानेजवळ चार बोटं रिकामी दोरी दिसायला लागली. वजन तेवढंच, पण दोरा बारीक, म्हणजे दाब जास्त. शिवाय तंगूसची गाठ घसरते. जाड सुती दोरा, दुहेरी, आणि ओवायच्या आधी ओला केलेला. ओला दोरा फुलाला धरून ठेवतो. मावशी म्हणाली, तिच्या लहानपणी कोकणात केळीच्या सोपटाचे ओले धागे काढून त्यातच गजरे बांधायचे. कारण तेच असणार.

तिसरी चूक फ्रिजची. हार नुसताच ताटात घालून फ्रिजमध्ये ठेवला. सकाळी कडा तपकिरी आणि पाकळ्या कागदासारख्या. आजकालच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये पंखा असतो आणि हवा चांगलीच कोरडी असते. गारवा मिळाला, पण बाकी दोन्ही गोष्टी उलट्या झाल्या. आणि तपकिरी डाग माझ्या बोटांचे. पाकळी दाबली गेली की तिच्या पेशी फुटतात, आतली द्रव्यं हवेतल्या ऑक्सिजनशी भेटतात आणि रंग बदलतो. चिरलेलं वांगं काळं पडतं तसंच. पांढऱ्या फुलावर ते लगेच दिसतं. म्हणून निशिगंध धरायचा तो नळीला, पाकळीला नाही.

आई हे सगळं बघत होती. काही बोलली नाही. ते जास्त लागलं.

दुसऱ्या ट्रायलला मी वसईच्या मावशीला बोलावलं. तिच्या आजूबाजूला सोनचाफा आणि मोगऱ्याच्या वाड्या आहेत, पहाटेच्या लोकलने तिकडची फुलं दादरला जातात. ती लहानपणापासून हेच बघत आलीये. मी तिला माझी एक्सेल शीट दाखवली. ती म्हणाली, "हे राहू दे, आधी सुई दाखव." माझी सुई कपडे शिवायची होती. हाराला चांगली वीतभर लांब सुई लागते, फुलबाजाराच्या आसपासच्या दुकानांत मिळते. लांब सुईवर एका वेळी पंधरा-वीस फुलं भरायची आणि मग एकदम दोऱ्यावर उतरवायची. एकेक फूल दोऱ्यावरून ओढत नेलं तर पहिलं फूल सात फूट प्रवास करतं आणि वाटेतच चोळामोळा होतं.

ओवण्याची पद्धत ऐका. निशिगंधाच्या फुलाला लांब नळी असते. नळीतून उभी सुई घातली तर बारीक सर होतो, तो वेणीला बरा. जाड हार हवा असेल तर सुई नळीला आडवी घालायची, देठाकडच्या हिरवट भागातून. पहिलं फूल उत्तरेला तोंड करून, दुसरं पूर्वेला, मग दक्षिण, मग पश्चिम. चार फुलांत एक फेरा. दर वीतभर अंतरावर मागे दाबून घट्ट करायचं आणि एक गाठ मारायची, म्हणजे पुढे फुलं थोडी आकसली तरी सगळी खाली घसरत नाहीत. मध्ये मध्ये गुलाब. तळाला गोंडा.

आता एक्सेल शीटचा उपयोग. मी शंभर फुलं मोजून किचनच्या वजनकाट्यावर ठेवली, ११० ग्रॅम भरली. आडव्या ओवणीत एका सेंटिमीटरला तीन फुलं बसली. हाराची पूर्ण लांबी सात फूट, म्हणजे साधारण २१० सेंटिमीटर. एका हाराला ६३० फुलं, वजन ७०० ग्रॅमच्या आसपास. दोन हारांना १.४ किलो. त्यात दबलेली, किडकी फुलं जाणार म्हणून २ किलो आणायचं ठरलं. वेग? मावशी मिनिटाला बारा, मी आठ. म्हणजे माझा एक हार ऐंशी मिनिटं, आणि ते सुद्धा फोन बाजूला ठेवून. तुमची फुलं लहान-मोठी असतील, त्यामुळे माझे आकडे उचलू नका. शंभर फुलं मोजून वजन करायची पद्धत तेवढी उचला.

लांबीची पण एक गंमत. रीलमध्ये हाराच्या दोन्ही बाजू छातीपाशी गुलाबाने जोडलेल्या दिसतात. दिसतं सुंदर. आम्ही तसंच केलं आणि ट्रायलला भावाच्या डोक्यावर क्रिकेटचं हेल्मेट चढवलं, नवऱ्याच्या फेट्याच्या जागी. हार हेल्मेटवर अडकला. खाली जाईना, वर येईना. भाऊ ओरडतोय, मावशी हसतेय. जोडायचंच असेल तर बेंबीच्या वर नको, किंवा मग फक्त खाली गोंड्यापाशी. आणि हारात जर भरपूर जर किंवा मणी असतील तर ते मुंडावळ्यांत गुंततात, तेव्हा वरच्या बाजूला, मानेजवळ, साधी फुलंच ठेवा.

मुंडावळ्या आम्ही मोत्यांच्या केल्या, महिनाभर आधी. फुलांच्या छान दिसतात, पण होमाजवळ बसून कपाळावर घाम आला की त्यांचं काही खरं नसतं.

वेणीचं मात्र वेगळं. मला मोगरा हवा होता. मावशीने दोन वाक्यांत नाही म्हटलं: "फेब्रुवारीत मोगरा महाग. आणि शनिवारी सकाळची कळी शनिवारी संध्याकाळी उमलणार, रविवारी डोक्यात लाल पडलेली फुलं घालणार का?" मोगरा कळी असतानाच तोडतात आणि ती त्याच संध्याकाळी उमलते. गोरज मुहूर्ताला, सकाळी आणलेला मोगरा अगदी वेळेवर फुलतो. सकाळच्या लग्नाला आदल्या दिवशीचा मोगरा म्हणजे एक्स्पायर झालेलं तिकीट. त्याऐवजी अबोली घेतली. वास नाही, पण टिकते. गोव्यात आणि कोकणात तिच्या वेण्या उगाच घालत नाहीत. तिकडे सिंधुदुर्गात असाल आणि लग्न उन्हाळ्याच्या तोंडावर असेल तर सुरंगीचा वळेसर मिळतोय का बघा. मला तो मिळाला नाही याचं दुःख आहे.

आता खरा शनिवार. पहाटे मी आणि भाऊ दादरला. स्टेशनबाहेर पुलाच्या आसपास त्या वेळी पाय ठेवायला जागा नसते. दोन गोष्टी शिकलो. एक, मुहूर्ताच्या दिवसांत भाव आपल्याला विचारून वाढत नाहीत. ट्रायलच्या रविवारी जे दिले त्याच्या जवळपास दीडपट गेले, त्यामुळे बजेटमध्ये जागा ठेवा. दोन, वरची फुलं बघून घेऊ नका, टोपलीत हात घालून खालची बघा. निशिगंध हाताला गार लागला पाहिजे आणि नळी बोटात कडक. गुलाब देठाजवळ, पाकळ्या जिथे जुळतात तिथे हलकेच दाबून बघायचा. मऊ लागला तर जुना. विक्रेते ओरडतात, पण मावशीने आधीच बजावलेलं.

फुलं ओल्या पंचात सैल गुंडाळून, वेताच्या टोपलीत, लगेजच्या डब्यातून घरी. फर्स्ट क्लासने आणली असती तर गर्दीत चटणी झाली असती. साडेसातला ओवायला बसलो. मी, मावशी आणि शेजारच्या काकू, ज्या "बघायला" आल्या आणि शेवटपर्यंत बसल्या. साडेदहाला दोन हार तयार. माझ्या हातावर आदल्या रात्रीची मेंदी आणि त्यावर निशिगंधाचा चीक.

साठवण आम्ही अशी केली. मोठं स्टीलचं पातेलं, तळाला केळीचं पान, त्यावर ओला करून घट्ट पिळलेला सुती पंचा. हार सैल वेटोळं करून, एकावर एक दाबून नाही. वरून पुन्हा ओला पंचा, पान, झाकण. हार टांगून ठेवायचा नाही, रात्रभर स्वतःच्या वजनाने दोरा ताणतो. आणि फुलांवर पाणी शिंपडून बंद करायचं नाही, हे महत्त्वाचं. ओलावा कापडात हवा. पाकळ्यांवर थेंब राहिले तर बंद भांड्यात बुरशीचे डाग पडतात.

पातेलं फ्रिजमध्ये सर्वांत खालच्या कप्प्यात. मागच्या गार भिंतीला चिकटवून नको, तिथे पाकळी गोठली की काचेसारखी पारदर्शक होते आणि नंतर काळी. फ्रिज आधी रिकामा केला, कारण लग्नघर म्हणजे ओटीची केळी आणि सफरचंदं आलीच. पिकणारं फळ इथिलीन नावाचा वायू सोडतं. त्यानेच बाकीची फळं पिकतात, आणि त्यानेच फुलं लवकर म्हातारी होतात. कार्नेशनसारख्या फुलांना तर फारच. फळं बाहेर, फुलं आत. आणि हारात किंवा बुकेत ऑर्किड किंवा अँथुरियम असेल तर ते फ्रिजमध्ये नको. ती उष्ण प्रदेशातली फुलं, थंडीने काळवंडतात. घरातल्या सगळ्यांत गार कोपऱ्यात ठेवा.

बुकेचा विषय निघालाच आहे तर रिसेप्शनच्या बुकेबद्दल थोडक्यात. तो हारापेक्षा सोपा, कारण त्याचे दांडे पाणी पिऊ शकतात. दांडा पाण्यात बुडवूनच, तिरका, दोन बोटं कापायचा. हवेत कापला तर पाणी वर नेणाऱ्या नळ्यांत हवेचा बुडबुडा अडकतो आणि बादलीत उभं असूनही फूल तहानलेलं राहतं. पाण्याखाली येणारी पानं काढून टाकायची, ती कुजतात आणि जंतू नळ्या बुजवतात. लिटरभर पाण्यात चमचाभर साखर आणि थोडा लिंबाचा रस, पाणी रोज बदलायचं. ऑनलाइन रेसिपीत यात ब्लीच पण घालायला सांगतात. मी नाही घातलं आणि तुम्हीही घालू नका. ब्लीच आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटू शकतो, आणि लग्नघरातल्या बाथरूममध्ये तो प्रयोग करायची गरज नाही. बांधताना सगळे दांडे एकाच दिशेला तिरके ठेवत जायचे, हातात बुके थोडा थोडा फिरवत. झाडूच्या काड्या मधे बांधल्यावर वर-खाली फुलतात ना, तसा आकार येतो. रिबीन शेवटच्या क्षणी, तोपर्यंत दांडे पाण्यातच.

रविवार. साडेदहाला हॉलवरच्या खोलीत मावशीने पातेलं उघडलं. वास असा आला की बाहेरच्या लोकांना कळलं. नऊ-दहा फुलं डागाळली होती, ती तिने कात्रीने अलगद कापून काढली. बाकी हार शनिवारी होता तसा. नवऱ्याच्या हाराला एका जागी बोटभर फट पडलेली, तिथे एक गुलाब खोचला आणि सेफ्टी पिन लावली. फोटोत शोधून सापडत नाही. मी शोधलंय.

अंतरपाट दूर झाला, हार फेट्यावरून गेला. हेल्मेटने शिकवलं होतं.

आणि मग कळलं की आईने नाक्यावरच्या फुलवाल्याकडून गुपचूप एक तयार जोडी आणून मामाच्या गाडीच्या डिकीत ठेवली होती. मला आधी वाईट वाटलं. मग लक्षात आलं, की हा तर बॅकअप आहे, आणि ऑफिसमध्ये मी बॅकअपशिवाय कोणालाही काही लाइव्ह करू देत नाही. तिने फक्त मला सांगितलं नव्हतं. ती जोडी शेवटी हॉलमधल्या देवाला आणि आमच्या आजोबांच्या फोटोला गेली.

हिशेब विचारणार म्हणून सांगते. दोन ट्रायल, फायनलची फुलं, सुया, दोरा, गोंडे, भाडं आणि आईची जोडी धरून तीन हजार आठशे. म्हणजे वाचले सतराशे, आणि त्यात तीन बायकांची एक सकाळ धरलेली नाही. फक्त पैसे वाचवायला करत असाल तर करू नका. घरात मावशीसारखं कोणी एक माणूस नसेल आणि लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळचे तीन तास मोकळे नसतील तरी करू नका, तयार जोडी घ्या, छान असते. ते दोन्ही असेल तर आजच शंभर ग्रॅम निशिगंध आणा आणि एक वीतभर सर ओवून फ्रिजमध्ये ठेवून बघा. उद्या सकाळी तो सर कसा दिसतो यावर ठरवा.

हार आम्ही दुसऱ्या दिवशी सोडवले. फुलं सोसायटीच्या खताच्या खड्ड्यात गेली, सुती दोरा पण. जर आणि गोंडे काढून ठेवलेत, कारण मे महिन्यात मामेबहिणीचं लग्न आहे आणि मला आत्ताच फोन आलाय. मुहूर्त संध्याकाळचा आहे. म्हणजे या वेळी मोगरा.